दोन मैलांवरचें न्यायालय

नगर शहरापासून भिंगार अवघें दोन मैलांवर आहे. इ. स. १७०७ मध्यें औरंगजेब बादशहाचा अंत याच परिसरांत झाला. १८०३ मध्यें वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला, आणि पुढें इंग्रजी अंमल कायम झाल्यावर भिंगारालगत लष्कराची छावणी वसली. छावणीमुळें गांवास बाजारपेठेचें रूप आलें. नांगरावर पोट भरणारा कुणबी, मागावर पोट भरणारा विणकर, आणि दोघांसही अडीअडचणीस पैका पुरविणारा सावकार, असे तिघे येथें शेजारीं नांदत. जिल्ह्याची दिवाणी अदालत नगरांत. भिंगारचा माणूस पायीं निघाला तरी पाऊण तासांत तिच्या दाराशीं पोंचे. दूरच्या गांवच्या कुणब्यास एकेका तारखेसाठीं दिवसचे दिवस मोडावे लागत. त्या मानानें भिंगारकर भाग्यवानच म्हणावयाचा. परंतु गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांतील, म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील, दख्खनच्या कर्जाचा इतिहास चाळला म्हणजे ध्यानांत येतें कीं, न्यायालयाचें अंतर मैलांनीं मोजतां येत नाहीं. तें मुद्रांकानें, मुदतीनें, समन्सानें आणि कागदाच्या भाषेनें मोजावें लागतें. हें अंतर कायद्यानेंच कसें वाढविलें, आणि पुढें दुसऱ्या एका कायद्यानें तें तोडण्याची खटपट कशी केली, याचा वृत्तान्त मोठा उद्बोधक आहे.

पेशवाईंत कर्जाचा तंटा बहुधा पंचाइतींत तुटे. सावकाराजवळ तगादा होता, धरणें होतें. परंतु कुळाची जमीन सरकारी शिपायाकरवीं काढून घेण्याची सोय त्यास सहसा नव्हती. कुळ जगलें तर पैसा परत येणार, हें तो जाणून असे. आणि गांवाची मर्जी राखल्यावांचून त्याची वसुली होत नसे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ मध्यें जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत पंचाइतीचे दोष दाखवूनही ती चालू ठेवावी असा अभिप्राय दिला. तरी १८२७ चे मुंबई इलाख्याचे नियम आले, अदालती स्थिर झाल्या, आणि पंचाइत हळूहळू मागें पडली.

खरी उलथापालथ १८५५ पासूनच्या पंधरा-सतरा वर्षांत झाली. १८५५ मध्यें व्याजाच्या दरावरील कायद्याचें बंधन उठलें. १८५९ मध्यें दिवाणी कामकाजाची एकसूत्री पद्धति ठरली. त्याच वर्षीं मुदतीचा कायदा झाला आणि नोंदणी न झालेल्या साध्या कर्जरोख्यावर फिर्याद करण्यास तीन वर्षांची मुदत पडली. १८६९ मध्यें मुंबई इलाख्याच्या दिवाणी न्यायालयांची नवी रचना होऊन जुने मुनसफ दुय्यम न्यायाधीश झाले. १८७० मध्यें कोर्ट-फीचा कायदा आला. शंभर रुपयांच्या दाव्यास साडेसात रुपयांचा मुद्रांक लागूं लागला. १८७२ मध्यें पुराव्याचा कायदा होऊन लेखी दस्तऐवजाचें वजन कायम झालें. यांतील प्रत्येक कायदा आपापल्या जागीं व्यवस्थित होता, आणि कोणताही कुणब्याचें वाईट करावें म्हणून केलेला नव्हता. पण निरक्षर ऋणको आणि लिहितावाचता धनको यांच्यामध्यें ते सारे एकदम उभे राहिले, तेव्हां त्यांचा भार एकाच बाजूस पडला.

मुदतीचेंच पाहा. ऋणकोवर जुनें देणें कायमचें राहूं नये हा तिचा हेतु. पण सावकार दर तीन वर्षांनीं कुळास बोलावी, थकलेलें व्याज मुदलांत मिळवी आणि नव्या तमसुकावर आंगठा घेई. दरमहा दर शेंकडा दोन रुपये व्याज धरलें तर शंभराचे तीन वर्षांनीं १७२ होत, सहा वर्षांनीं २९५ वर जात आणि नवव्या वर्षीं पांचशें ओलांडीत. सरळ व्याजानें हाच आंकडा ३१६ राहिला असता. आणि मुदलाइतकेंच व्याज घ्यावें हा जुना दामदुपटीचा दंडक पाळला असता तर २०० च्या पुढें गेला नसता. परंतु दर नव्या तमसुकांत मुद्दलच नवें होई, म्हणून दामदुपटीचा अडसरही निरुपयोगी ठरे. न्यायाधीशापुढें येई तो शेवटचा कागद. त्याच्या मागें काय होतें हें पाहण्याचा प्रघात नव्हता.

समन्साची कथा याहून निराळी नव्हती. समन्स हातीं पडलें तरी त्यांतील मजकूर कुळास वाचतां येत नसे. गेलें तर रोजची मजुरी बुडे, वकिलाची फी द्यावी लागे, आणि आंगठा आपलाच असल्यामुळें बोलावयाचें काय हें उमगत नसे. म्हणून बहुसंख्य दाव्यांत प्रतिवादी हजरच होत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. सावकारानें भरलेला साडेसात रुपयांचा मुद्रांकही खर्चाच्या रूपानें हुकूमनाम्यांत चढे. म्हणजे न्यायालयाचें दार उघडण्याचें मोल अखेरीस जो त्या दारांत कधीं शिरलाच नाहीं त्याच्याच अंगावर येई. मग जप्ती, लिलाव, आणि प्रसंगीं दिवाणी तुरुंग.

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाला सोन्याचा भाव आला होता व सावकार मोकळ्या हातानें कर्ज देत होते. युद्ध संपलें, भाव कोसळले, कर्जाचा ओघ आटला. आणि त्याच सुमारास पुणें जिल्ह्याच्या कांहीं तालुक्यांत जमिनीचा सारा वाढला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं सावकाराविरुद्ध बहिष्कार पुकारला गेला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडीतील सुपें येथें दंगल उसळली. नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, नगर आणि कर्जत या तालुक्यांतील २२ गांवांत तिचे पडसाद उमटले. दोन्हीं जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं. त्यांत नगरकडचीं ३९२ होतीं. दंगेखोरांनीं बहुतेक ठिकाणीं माणसांस हात लावला नाहीं. त्यांनीं मागितले ते कागद: खतें, तमसुक, हुकूमनामे. ते हातीं आले कीं भर चावडीपुढें जाळीत. ज्या न्यायांत कागदच सारें कांहीं झाला होता, त्या न्यायाला निरक्षरांनीं दिलेलें तें उत्तर होतें.

सरकारनें चौकशीमंडळ नेमलें; त्याचा अहवाल १८७८ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटापुढें गेला. त्यांतून १८७९ चा सतरावा कायदा, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा, जन्मास आला. पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांस तो लागूं झाला. त्यानें कोणाचेंही कर्ज सरसकट माफ केलें नाहीं. त्यानें बदलली ती न्यायालयाची रीत. शेतकऱ्यावरील फिर्याद तो जेथें राहतो तेथील न्यायालयांतच व्हावी, असें ठरलें. न्यायाधीशानें प्रतिवादीला शक्यतों समक्ष बोलावून त्याची जबानी घ्यावी. पुढें आलेल्या तमसुकावर न थांबतां देण्याघेण्याच्या आरंभापासूनचा हिशेब उकलावा, मुद्दल वेगळें काढावें, व्याज वेगळें काढावें, आणि चक्रवाढ काढून टाकून सरळ व्याज धरावें. निघेल ती रक्कम हप्त्यांनीं फेडण्याची सवलत द्यावी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकतां येणार नाहीं. आणि खास गहाण दिल्यावांचून त्याची जमीन लिलावास निघणार नाहीं.

याहीपुढें जाऊन कायद्यानें अदालतीचा कांहीं भाग गांवांतच नेला. दहा रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्यास पाटील किंवा दुसरा योग्य गृहस्थ गांवमुनसफ म्हणून नेमतां येऊं लागला. फिर्यादीपूर्वीं सलोखा करणाऱ्या पंचापुढें जाणें आवश्यक झालें. तेथें तडजोड झाली तर ती न्यायालयांत दाखल होऊन तिला हुकूमनाम्याचें बळ येई, आणि न झाली तर त्याचा दाखला घेऊनच फिर्याद करतां येई. शेतकऱ्याचे दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावेत, पैसे फेडल्याची पावती त्यास मिळावी, असेंही ठरलें. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांस सामान्यतः मज्जाव झाला. लहान दाव्यांतील अपील बंद झालें, व त्याऐवजीं वरच्या न्यायाधीशांनीं दुय्यम न्यायालयांची तपासणी करावी अशी योजना झाली. १८८७ मध्यें महादेव गोविंद रानडे या तपासणीचे खास न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्यें हायकोर्टांत जाईपर्यंत त्या कामावर होते. दौऱ्यावर निघून ठिकठिकाणच्या न्यायालयांचीं दप्तरें तपासणें, हें त्यांच्या नोकरीचें मुख्य काम होतें. वादी-प्रतिवादी बोलावण्याआधींच न्यायाधीशानें त्यांच्याकडे जावें, ही कल्पना त्या काळास नवीच होती.

भिंगारसारख्या मिश्र वस्तीच्या गांवांत मात्र या कायद्याची एक मर्यादा उघड होते. त्याचें साह्य शेतकऱ्यास, म्हणजे ज्याचा चरितार्थ मुख्यतः शेतीवर चालतो त्यास होतें. एकाच सावकाराचे दोन ऋणको, एक कुणबी व एक विणकर, एकाच दिवशीं एकाच न्यायालयांत उभे राहिले, तर कुणब्याचा हिशेब मुळापासून उकलला जाई आणि विणकराचा शेवटचा कागद तेवढा वाचला जाई. कुणब्यास तुरुंगाचें भय नव्हतें, विणकरास होतें. थोडी शेती आणि थोडा माग असा संसार असला म्हणजे तर कर्जाचा प्रश्न बाजूस राहून आधीं त्या माणसाच्या धंद्याचाच वाद उपस्थित होई. ज्या कागदाच्या फसवणुकीविरुद्ध कायदा झाला, ती फसवणूक धंदा पाहून होत नव्हती. कायद्याची दया मात्र धंदा पाहून होत होती.

दुसरी मर्यादा सावकारांनींच शोधून काढली. गहाणाचा हिशेब उकलला जातो असें दिसतांच ते गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेऊं लागले. जमीन परत देण्याचें तोंडी वचन देत. कागदावर मात्र विक्री चोख असे. न्यायालयास पुन्हां कागदाचीच भिंत आडवी आली. अखेर १९०७ च्या दुरुस्तीनें, असला व्यवहार वस्तुतः गहाणाचा होता हें तोंडी पुराव्यानें दाखविण्याची मुभा मिळाली. पतही आटली, जमीन गहाण न देणाऱ्या कुळास पेरणीच्या तोंडावर उसनवारी मिळणें कठीण झालें. सलोख्याच्या पंचाकडे जाणें पुष्कळ ठिकाणीं एक उपचार होऊन बसलें आणि पुढें ती पद्धति सोडण्यांत आली. १९३९ मध्यें व नंतर १९४७ मध्यें मुंबई सरकारनें शेतकरी ऋणकोंसाठीं नवे कायदे केले, आणि १८७९ च्या कायद्याचें कार्य संपलें.

तरी त्यांतील विचार मेला नाहीं. आज महाराष्ट्रांत मुद्रांकाची फी १९५९ च्या कायद्याप्रमाणें आकारली जाते. १९८७ च्या विधिसेवा कायद्यानें लोकअदालतींस अधिकार दिला; तेथें झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते, तिच्यावर अपील नसतें, आणि भरलेली कोर्ट-फी परत मिळते. गरिबास सरकारी खर्चानें वकील मिळण्याची तरतूदही त्याच कायद्यांत आहे, आणि तेथें शेतकरी-विणकर असा भेद नाहीं. सलोख्याच्या पंचाचा दाखला आठवला म्हणजे या व्यवस्थेचें नातें कोठें जुळतें तें दिसतें. फी माफ करणें, दार जवळ आणणें, वकिलावांचून बोलूं देणें, हीं कामें कायद्याच्या एका फटक्यानें होतात. अवघड काम उरतें तें न्यायाधीशाच्या आसनावर: समोर ठेवलेला कागद उलटून, ‘याच्या आधीं काय झालें होतें?’ असें विचारणें. १८७९ च्या कायद्यानें तो प्रश्न न्यायाधीशाचें कर्तव्य केला. नगरच्या अदालतींत तो ज्या दिवशीं विचारला जाई, त्या दिवशीं भिंगार खरोखरच दोन मैलांवर असे.