'झुआन' ते 'क्योयोहिन' : जपानी लोकजीवनातील वस्तुरचनेचा शब्देतिहास

एखाद्या समाजाने आपल्या भावी जीवनासाठी नव्या वस्तू घडवावयाचे ठरविले, म्हणजे त्यांचा आराखडा कोणी करावयाचा हा प्रश्न उपस्थित होतो. तज्ज्ञाने, शासनाने, कारखानदाराने, की त्या वस्तू ज्यांच्या हाती जावयाच्या त्या सामान्य माणसांनी? आधुनिक जपानच्या इतिहासात या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली, आणि त्यांतील बऱ्याच उत्तरांबरोबर एकेक नवा शब्दही रूढ झाला. प्रस्तुत लेखात त्या शब्दांच्या आधाराने या इतिहासाचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

वस्तुरचनेसाठी जपानीत रूढ झालेल्या आरंभीच्या शब्दांपैकी 'झुआन' हा महत्त्वाचा होय. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनाशी संबंधित असलेल्या नोतोमी काइजिरो यांच्याकडे या शब्दाचे जनकत्व दिले जाते. 'झु' म्हणजे रेखाकृती व 'आन' म्हणजे योजना. परदेशी बाजारपेठेसाठी कारागिराच्या हाती द्यावयाचा नमुना, एवढाच या शब्दाचा आवाका होता. 1888 च्या कायद्यात 'इशो' हा दुसरा शब्द आला आणि कायद्याच्या परिभाषेत तो आजही टिकून आहे. दोन्ही शब्दांत आखणारा व घडविणारा यांना स्थान आहे; वापरणाऱ्याला मात्र नाही. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याने रूढ केलेला 'संकल्पचित्र' हा शब्द अर्थदृष्ट्या 'झुआन'च्या बराच जवळ आहे, आणि वर सांगितलेली उणीव त्यातही आहे.

वापरणाऱ्याचा विचार प्रथम झाला तो उपदेशाच्या रूपाने. 1920 साली शिक्षण खात्याच्या आश्रयाने 'सेइकात्सु काइझेन दोमेइकाई', म्हणजे जीवनसुधारणा संघ, स्थापन झाला. जमिनीवर बसण्याऐवजी खुर्ची वापरावी, घराची मांडणी पाहुण्याच्या सोयीने न करता कुटुंबाच्या सोयीने करावी, अशी त्याची शिकवण होती. हेतू निःसंशय चांगला होता. तथापि, ही शिकवण मुख्यतः शहरी सुशिक्षित वर्गापुरती मर्यादित राहिली. ज्यांच्या घरात खुर्ची ठेवण्याइतकी जागाच नव्हती, त्यांना खुर्चीचे महत्त्व पटवून काय उपयोग होणार? लोकांच्या जेवणपद्धतीत खरा बदल घडविला तो 'चाबुदाई' या पाय दुमडता येणाऱ्या ठेंगण्या मेजाने. पूर्वी प्रत्येकापुढे वेगळा 'झेन', म्हणजे छोटा चौरंग, मांडला जाई. चाबुदाईमुळे सारे कुटुंब एका मेजाभोवती बसू लागले. हा बदल कोणत्याही संघाने योजलेला नव्हता.

1928 साली वाणिज्य व उद्योग खात्याने सेन्दाई येथे 'कोगेई शिदोशो' ही कलोद्योग मार्गदर्शन संस्था स्थापन केली. ईशान्येकडील कारागिरीला यंत्रोद्योगाची जोड देऊन निर्यात वाढवावी, हा तिचा उद्देश होता. जर्मन वास्तुशिल्पज्ञ ब्रूनो टाउट यांनी 1933-34 मध्ये काही महिने येथे काम केले. परदेशी अलंकरणाची नक्कल करू नये, प्रमाणभूत आदिनमुने सिद्ध करावेत, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या संस्थेपुढे निराळेच काम आले. अमेरिकी सैन्याधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी सुमारे 20,000 घरे व त्यांतील सामान तयार करण्याचा आदेश निघाला. नकाशे काढण्यात संस्थेच्या रचनाकारांचा सहभाग होता आणि वस्तू जपानी कारखान्यांनी बनविल्या. ही सहयोगी रचना होती खरी. पण हा सहयोग जेता व जित यांच्यातील होता आणि वापरणारा परका होता. असे असले तरी, या कामातून जपानी कारखानदारांना जे तंत्र अवगत झाले, ते पुढे त्यांच्या स्वतःच्या घरांसाठी उपयोगी पडले.

या स्वतःच्या घरांचा विचार वेगळ्या मार्गाने चालू होता. वास्तुशास्त्राचे अभ्यासक निशियामा उझो यांनी युद्धपूर्व काळात सामान्य नागरिकांच्या घरांची पाहणी केली. घर कितीही लहान असले तरी लोक जेवण्याची जागा व झोपण्याची जागा वेगळी ठेवू पाहतात, असे त्यांस आढळले. 1942 साली त्यांनी हा 'शोकुशिन बुन्री', म्हणजे भोजन-शयन-विभाजनाचा, सिद्धान्त मांडला. एकाच खोलीत दोन्ही व्यवहार उरकून जागा वाचवावी, या काटकसरीच्या विचाराला त्याने छेद दिला. कसे राहावे हे सांगण्यापूर्वी लोक कसे राहतात ते पाहावे, हा पद्धतीचा बदल येथे महत्त्वाचा आहे. टोकियो विद्यापीठातील योशिताके यासुमी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 साली सार्वजनिक घरांसाठी केलेला '51सी' हा सुमारे 35 चौरस मीटरचा आराखडा याच विचारातून निघाला. त्यात स्वयंपाकघरच थोडे मोठे करून तेथे जेवणाची सोय केलेली होती.

1955 साली जपान गृहनिर्माण निगम स्थापन झाले व त्याने 'दांची' नावाच्या वसाहती उभारण्यास प्रारंभ केला. '51सी'मधील ही खोली तेथे 'डायनिंग किचन' या नावाने प्रसिद्धीस आली. दोन्ही पदे इंग्रजी असली तरी समास जपानी घडणीचा आहे. शब्द परका वाटतो, पण त्याने दर्शविलेली वस्तू जपानी पाहणीतून जन्मलेली आहे. उसन्या शब्दावरून विचारही उसना मानणे किती धोक्याचे असते, याचे हे उत्तम उदाहरण होय. या स्वयंपाकघराच्या रचनेत वास्तुशिल्पज्ञ हामागुची मिहो यांचा वाटा मोठा आहे. जपानी घरातील सरंजामी वृत्तीवर टीका करणारा त्यांचा ग्रंथ 1949 साली प्रसिद्ध झाला होता. घराच्या अंधाऱ्या बाजूला ढकललेले स्वयंपाकघर मध्यवर्ती जागी यावे, धुण्याची मोरी मधोमध असून गृहिणीची ये-जा कमी व्हावी, असा त्यांचा विचार होता. कृत्रिम दगडाच्या मोरीऐवजी एकाच पत्र्यातून साच्यात दाबून काढलेली निष्कलंक पोलादाची मोरी आली, तीही निगम, रचनाकार व कारखानदार यांच्या संयुक्त प्रयत्नाने.

याच वर्षाच्या डिसेंबरात तोशिबा कंपनीने स्वयंचलित विजेचे भातपात्र बाजारात आणले. ते सिद्ध केले मिनामी योशितादा या लहान कारखानदाराने. बाहेरच्या भांड्यातील पाणी आटले की तेथील उष्णता एकदम वाढते आणि द्विधातुपट्टी वाकून वीजप्रवाह तोडते, अशी त्याची योजना होती. ही योजना निर्दोष होईपर्यंत पुनःपुन्हा भात शिजवून, तापमाने टिपून ठेवण्याचे कष्ट त्यांच्या पत्नी फुमिको यांनी घेतले. भात केव्हा 'झाला' हे जाणणारी नजर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचीच असते. यंत्रात उतरविले गेले ते हेच ज्ञान. पण वस्तूवर नाव राहते ते कंपनीचे. सहयोगी रचनेचा इतिहास लिहिताना पेटंटे व नकाशे यांवरच विसंबून राहिल्यास असे सहभागी आपल्या दृष्टीआड होतात.

खेड्यांत याहून वेगळा प्रयोग घडला. 1948 च्या कृषिसुधारणा कायद्यान्वये गृहजीवन सुधारण्यासाठी स्त्री-कार्यकर्त्या नेमण्यात आल्या. त्यांनी गावोगावी स्त्रियांचे गट जमविले व त्यांना स्वतःच्या अडचणी बोलून दाखविण्यास प्रवृत्त केले. त्यांत प्रामुख्याने पुढे आली ती 'कामादो', म्हणजे धुराने डोळे चुरचुरविणारी व वाकून कंबर मोडणारी चूल. धुराडे असलेली उंच चूल बांधण्यासाठी कित्येक ठिकाणी स्त्रियांनी अंडी विकून थोडे थोडे पैसे साठविले. येथे लोकांना केवळ उपदेश झाला नाही किंवा त्यांची केवळ पाहणीही झाली नाही. आपले गाऱ्हाणे शब्दांत मांडणे हीच येथे रचनेची पहिली पायरी ठरली.

उपदेश, निरीक्षण व सहविचार अशा या तीन पद्धती होत. त्या एकीमागून एक आल्या व आधीची लोपली, असे मात्र समजू नये. 'डायनिंग किचन' निरीक्षणातून निघाले, तरी दांचीतील प्रारंभीच्या घरांत निगमाने जेवणाचे मेजही बसवून दिले होते. त्यामागे जुना उपदेशाचा स्वर ऐकू येतो. शिवाय पती, पत्नी व लहान मुले असे जे कुटुंब त्या आराखड्यात गृहीत धरले होते, ते पुढे तसे राहिले नाही. मुले निघून गेली, रहिवासी वृद्ध झाले. उद्वाहक नसलेल्या इमारतींतील जिने त्यांना जड झाले. भावी जीवनासाठी केलेली रचना प्रत्यक्ष भविष्यात अपुरी ठरते, ती अशी.

अलीकडच्या शब्दांत या अनुभवाचे पडसाद उमटले आहेत. 1991 साली काओ कंपनीने केस धुण्याच्या द्रवाच्या बाटलीवर स्पर्शाने कळणाऱ्या खाचा ठेवल्या. दृष्टिहीनांच्या अडचणीतून ही कल्पना निघाली. परंतु डोके धुताना डोळस माणसाचेही डोळे मिटलेलेच असतात! कंपनीने त्यावर मक्तेदारी न सांगितल्यामुळे इतर उत्पादकांनीही ही खूण स्वीकारली. अशा वस्तूंना 'क्योयोहिन', म्हणजे सर्वांनी मिळून वापरावयाची वस्तू, असे म्हणतात. 2011 च्या भूकंप व त्सुनामीनंतर इतो तोयो प्रभृती वास्तुशिल्पज्ञांनी 'मिन्ना नो इए', म्हणजे सर्वांचे घर, ही योजना हाती घेतली. तिच्यातील पहिले घर त्याच वर्षी ऑक्टोबरात सेन्दाई येथे, तात्पुरत्या निवाऱ्यांच्या वस्तीत उभे राहिले. रहिवाशांशी झालेल्या बोलण्यातून त्यात पडवी आली, लाकडाची शेगडी आली. ज्या सेन्दाईत 1928 साली कारागिरांना 'मार्गदर्शन' करणारी संस्था निघाली, तेथेच वास्तुशिल्पज्ञ निर्वासितांचे बोलणे ऐकत बसले.

'झुआन' या शब्दात आखणाऱ्याची कृती आहे, 'क्योयोहिन'मध्ये वापरणाऱ्यांचे सहजीवन आहे. या दोन शब्दांमधील अंतर म्हणजेच या इतिहासाची वाटचाल होय. मात्र शब्द बदलला म्हणून व्यवहार बदलतोच असे नाही. 'सर्व' या पदात कोणाची गणना झाली, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते. त्यासाठी अभ्यासकाने नकाशांबरोबरच बैठकांची टिपणे, गटांचे हिशेब आणि स्वयंपाकघरातील नोंदी यांनाही इतिहासाच्या साधनांचा दर्जा दिला पाहिजे.