शलमोनाची मंदिरार्पण प्रार्थना

यरुशलेमचे पहिले मंदिर परमेश्वराला अर्पण करताना राजा शलमोनाने केलेली प्रार्थना. हिब्रू बायबलमधील ‘१ राजे’च्या आठव्या अध्यायात ती विस्ताराने आली असून ‘२ इतिहास’च्या सहाव्या अध्यायात थोड्या फरकाने पुन्हा येते.

ग्रंथातील वृत्तांतानुसार साठ हात लांब, वीस हात रुंद आणि तीस हात उंच असे हे मंदिर सात वर्षांत उभे राहिले. सातव्या महिन्यातील सणाला याजकांनी कराराचा कोश दावीदनगरातून आणून गाभाऱ्यात ठेवला. कोशात दोन दगडी पाट्यांखेरीज काहीच नव्हते. याजक बाहेर पडताच ढगाने मंदिर असे व्यापले, की त्यांना सेवेला उभे राहता येईना.

मग राजा वेदीसमोर आकाशाकडे हात पसरून बोलू लागला. ‘इतिहास’कार सांगतो, की त्यासाठी पाच हात लांब-रुंद आणि तीन हात उंच असा पितळी चौथरा करवून घेतला होता आणि त्यावर राजाने सर्वांदेखत गुडघे टेकले.

एवढे वैभव उभारणारा राजा प्रार्थनेत विचारतो, की आकाशातही न मावणारा देव या घरात कसा राहील? मंदिर हे देवाचे बिऱ्हाड नव्हे. त्याचे नाव तिथे आहे, आणि तिकडे तोंड करून केलेली विनवणी त्याने स्वर्गातून ऐकावी, एवढेच मागणे. पुढे सात प्रसंग येतात : शपथेचा निवाडा, पराभव, अवर्षण, दुष्काळ-रोगराई-टोळधाड, परका माणूस, युद्ध आणि बंदिवास. यांतला पाचवा सर्वांत उदार. दूरदेशीहून आलेल्या परक्याचेही मागणे पुरवावे, अशी रदबदली इस्राएलचा राजा स्वतःच्या राज्याच्या मंदिरात करतो.

शेवटचा प्रसंग परमुलखात नेलेल्या बंदिवानांचा. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनी सैन्याने मंदिर जाळले आणि अनेकांना बंदिवान करून नेले. म्हणून हा भाग त्या अनुभवानंतर लिहिला गेला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. देव वास्तूत कोंडलेला नाही, हे आधीच कबूल केल्यामुळे वास्तू पडल्यावरही ही प्रार्थना निरर्थक ठरली नाही. दानीएलच्या ग्रंथात बॅबिलोनमधला दानीएल यरुशलेमच्या दिशेच्या खिडक्यांपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. यहुदी आजही त्याच दिशेला तोंड करून प्रार्थना करतात; महाराष्ट्रातल्या बेने इस्राएलांसाठी ती दिशा पश्चिमेची.