अग्रहक्क, स्थानिकांचा (वन व शिकार) : धानोरा

शिकार, मासे, बांबू, तेंदूपाने, मोहफुले अशा जंगलाच्या देण्यांवर तिथे राहणाऱ्याचा हक्क आधी आणि बाहेरून येणाऱ्याचा नंतर, असे मानणारे तत्त्व. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात या तत्त्वाची गोष्ट शिकारीपासून सुरू होते आणि बांबूपाशी येऊन ठरते. अमेरिकेतील राज्यांत या तत्त्वावरचा वाद मुख्यतः शिकारीच्या परवान्यांचा आहे. भारतात शिकारच बंद असल्यामुळे तो वनोपज, वाहतूक परवाना आणि निर्णयाचा अधिकार यांभोवती फिरतो.

शिकारीचा काळ : धानोऱ्याचा परिसर पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील जमीनदारी मुलखात मोडत असे. रांगी, मुरुमगाव, झरापापडा ही आजच्या तालुक्यातील गावे जमीनदाऱ्यांची ठाणी होती. गोंड गावांची पारध सामूहिक असे. धनुष्यबाण घेऊन गाव मिळून निघे, हाका घातला जाई आणि मिळालेल्या मांसाची वाटणी घरोघर होई. सरकारी राखीव जंगलात मात्र शिकारीचे ब्लॉक पाडून ते परवान्यावर दिले जात, आणि परवाना घेणारे बहुधा गोरे अधिकारी, संस्थानिक, शहरी शौकीन असत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २६ ने राखीव जंगलात शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे, फासे लावणे हे नियमांविरुद्ध केल्यास गुन्हा ठरवले. १९३५ मध्ये मध्य प्रांताचा स्वतंत्र शिकार कायदाही आला.

अग्रक्रम कोणाला होता, हे पाणवठ्याकाठच्या मचाणावरून कळते. ज्याला त्या रानातला प्रत्येक नाला, वाघाची वाट, सांबराची बसायची जागा ठाऊक, तो खाली उभा राहून डबे-ढोल बडवत हाका घालायचा. आगगाडीने आलेला पाहुणा वर बंदूक घेऊन बसायचा. हाकेकऱ्याने स्वतःसाठी ससा मारला तर ती चोरटी शिकार ठरे. स्वातंत्र्यानंतरही हा क्रम बदलला नाही. नागपूरच्या ॲल्विन कूपरसारख्या कंपन्या परदेशी पाहुण्यांसाठी मध्य भारतात शिकारीची व्यवस्था करीत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. त्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली.

वन हक्क अधिनियम, २००६ ने पारंपरिक हक्क मान्य करताना कलम ३(१)(ठ) मध्ये शिकार, फासे लावणे आणि वन्यप्राण्याचा अवयव काढणे एवढे मुद्दाम वगळले. वन्यजीवांची आजची अवस्था पाहता हे अपरिहार्य होते, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. तरी पाहुण्याची हौस आणि गावाची पारध या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कायद्याच्या भाषेत हा फरक कुठे उमटलेला नाही, आणि पारधीचे गावपातळीवरचे नियम कोणी नीट टिपून ठेवायच्या आतच ती बंद झाली, याची खंत नोंदवणे आवश्यक आहे.

निस्तार : घरगुती गरजेपुरते लाकूड, बांबू, चराई, काटेकुटे मिळवण्याचा गावाचा हक्क. १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारजमा झाले आणि हे हक्क ‘निस्तार पत्रक’ व ‘वाजिब-उल-अर्ज’ या दोन दस्तऐवजांत उतरले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ व १६५ अन्वये ते चालू राहिले. कागदावर हक्क होता. जंगलात मात्र नाकेदाराच्या मर्जीवर चाले.

बांबू आणि कागद : बल्लारपूर (जि. चंद्रपूर) येथील कागद कारखान्याची स्थापना १९४५ ची. चांदा-गडचिरोलीच्या जंगलातील बांबू दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांवर कारखान्याला मिळत असे. ज्या गावाच्या शिवारातून ट्रक भरून जात, तिथल्या माणसाला टोपल्या-सुपांसाठी आणि घराच्या कुडासाठी चार बांबू आणताना धाक वाटे. कारखान्याने आणि गावकऱ्याने मोजलेल्या किमतीतील तफावत हा स्थानिकांच्या तक्रारीचा कायमचा विषय राहिला. तोडीच्या पद्धतीबद्दलही तक्रार होती. बांबूच्या रांझीतून जुने बांबू काढायचे, त्या वर्षीचा कोवळा बांबू सोडायचा आणि जमिनीजवळच्या पेराच्या वर कोयता मारायचा, ही रीत. घाईच्या तोडीत बाहेरच्या कडेचे हाताला येतील ते बांबू जातात, मधे जुनाट गुंता राहतो आणि पुढच्या पावसात नवे कोंब, म्हणजे इकडचे वास्ते, कमी येतात. ज्याला पुढच्या वर्षी त्याच रांझीपाशी यायचे आहे, तो असे तोडत नाही. स्थानिकाच्या अग्रहक्काचे सर्वांत भक्कम समर्थन नोंदकाराला इथे दिसते.

मेंढा (लेखा) : धानोरा तालुक्यातील गोंड वस्तीचे गाव, घरे शंभराच्या आसपास. या विषयावर सर्वाधिक कागदपत्रे याच गावाची उपलब्ध असल्याने त्याला येथे अधिक जागा मिळाली आहे. १९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपटनम धरणांविरुद्ध बाबा आमटे, लाल श्यामशाह यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यातून जागे झालेल्या गावांपैकी हे एक. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांतून ग्रामसभा, अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय ही पद्धत रुजली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. बहुमताने हात वर करून निर्णय होत नाही. एकाचे जरी मन वळले नसेल तरी विषय पुढच्या बैठकीला जातो.

बाहेरच्या कोणीही, मग तो व्यापारी असो, सरकारी खाते असो की अभ्यासक, ग्रामसभेला विचारल्याशिवाय गावाच्या जंगलात काम करू नये, हा ग्रामसभेचा नियम. त्याच सभेने स्वतःच्या माणसांवरही बंधने घातली. नाल्यात विष टाकून मासे मारायचे नाहीत, मधासाठी पोळे जाळायचे नाही, जंगलाची राखण करायची. हे दुसरे अंग पुष्कळदा सांगायचे राहते. स्वतःच्या हातावर नियम घातल्यावरच गाव बाहेरच्याला अडवू लागले.

वन हक्क अधिनियमाखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; जिल्ह्यातील मर्दा गावालाही त्याच वेळी. देशातील पहिल्या सामूहिक दाव्यांत यांची गणना होते. पुढचा पेच वाहतूक परवान्याचा, म्हणजे लोक ज्याला ‘टीपी’ म्हणतात त्याचा होता. २००६ च्या कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजात आहे. १९२७ च्या कायद्यात मात्र तो वृक्षांत मोडत असे, आणि त्यावर बोट ठेवून परवाना अडला. बांबू गावाचा, पण रस्त्यावर आणला की चोरीचा, अशी स्थिती झाली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्यात परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ते पुस्तक दिसायला साध्या पावतीबुकासारखे असते. पण नाक्यावर ट्रक थांबला की त्यावर आता ग्रामसभेचा शिक्का दाखवायचा होता. त्यानंतर बाहेरचा व्यापारी गेला नाही. बांबू घ्यायला तो ग्रामसभेकडे येऊ लागला. अग्रहक्क म्हणजे बाहेरच्याला बंदी, हा समज या एका गोष्टीने खोटा पडतो. १९२७ च्या कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू २०१७ मध्ये वगळण्यात आला.

२०१३ मध्ये मेंढ्याने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली ग्रामदान करण्याचे, म्हणजे जमिनीची मालकीही गावाकडे सोपवण्याचे ठरवले.

पाचगाव : चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात. २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरवर सामूहिक हक्क. बांबूची तोड व विक्री ग्रामसभा स्वतः करते. तेंदूपाने तोडण्यासाठी झाडे छाटली जातात, रानाला आग लावली जाते, म्हणून पाने न तोडण्याचा निर्णय गावाने घेतला आणि तेंदूची फळे राखली. हातात येणारे रोख पैसे सोडणारा हा निर्णय आहे आणि त्याची दखल व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

‘स्थानिक’ कोण : २००६ च्या कायद्यानुसार अनुसूचित जमातीव्यतिरिक्त इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ही अट अवघड आहे, विशेषतः ज्यांच्या आजोबांची नोंदच कुठे नाही त्यांच्यासाठी. तेंदूच्या हंगामात एका तालुक्याचे मजूर दुसऱ्या तालुक्यात जातात, मेंढपाळ कळप घेऊन फिरतात. त्यांना नुसते ‘बाहेरचे’ म्हणता येत नाही. कलम ३(१)(घ) ने भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी वापर हाही हक्कच मानला आहे. सत्तर पानांचे पुडके बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मुंशीसमोर मांडणाऱ्या बाईचा दर ठरवताना ती कोणत्या गावची, हा प्रश्न दुय्यम आहे.

वाघ आणि नेमबाज : शिकारबंदीनंतरही एक जागा उरते. माणसाला धोकादायक झालेला वाघ पकडणे शक्य नसेल तरच मुख्य वन्यजीव रक्षक वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ खाली त्याला मारण्याचा आदेश देऊ शकतो. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टी-१ (अवनी) वाघीण राज्याबाहेरून आलेल्या खाजगी नेमबाजाच्या गोळीने मेली. त्या कारवाईच्या रीतीवर तीव्र मतभेद झाले आणि ते आजही मिटलेले नाहीत. याउलट गडचिरोलीतील वडसा परिसरात अनेक बळी घेणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये चंद्रपूरच्या वन विभागाच्या शीघ्र बचाव दलाने बेशुद्ध करून जिवंत पकडला.

पर्यटन : ताडोबात वाटाडे व जिप्सीचालक लगतच्या गावांचे असतात. धानोऱ्यात व्याघ्रपर्यटन नाही.

अन्यत्र : अमेरिकेतील माँटाना राज्यात १९७६ मध्ये एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना रहिवाशाला ९ डॉलरला मिळे, बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला. ही शिकार करमणूक आहे, उपजीविका नव्हे, त्यामुळे बाहेरच्याच्या मूलभूत हक्काला बाध येत नाही, असे त्यामागचे म्हणणे होते. अलास्कात १९८० च्या संघीय कायद्याने पोटासाठी शिकार-मासेमारी करणाऱ्या ग्रामीण रहिवाशांना अग्रक्रम दिला. राज्याच्या न्यायालयाने १९८९ मध्ये तसा अग्रक्रम राज्यघटनेविरुद्ध ठरवला, आणि संघीय जमिनींवर व्यवस्थापन केंद्राकडे गेले. हौस आणि पोट यांतील जो फरक तिथे न्यायालयात मांडला गेला, तो इकडे मचाण आणि हाका यांच्यात कायम होता.

शेजारी गाव : बाहेरचा म्हणजे नेहमीच दूरचा नसतो. गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक सामूहिक दावे मंजूर झाले असून अनेक गावांच्या पारंपरिक सीमा एकमेकींवर चढतात. एकाच टेकडीवर दोन गावांची मोहाची झाडे असतात आणि एकाच नाल्यात दोघांची जनावरे पाणी पितात. वन हक्क अधिनियमाखालील नियम १२(३) नुसार अशा ठिकाणी दोन्ही वन हक्क समित्या एकत्र बसून वापराची पद्धत ठरवतात व निष्कर्ष आपापल्या ग्रामसभांना लेखी देतात. तिथे तोडगा निघाला नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. मोहफुले वेचायला पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बायका मात्र कुठले झाड कोणाचे हे झाडाखालीच ठरवतात.