चुका सांगायला जमलेली माणसं

सकाळची विरार फास्ट अंधेरीला बरीचशी रिकामी होते. उतरणाऱ्यांतला मोठा लोंढा पूर्वेला, सीप्झ आणि मरोळ एमआयडीसीकडे वळतो. घर परवडतं म्हणून वसई, नालासोपारा, विरारला राहणारे आणि दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधले दोष हुडकणारे टेस्टर त्या गर्दीत हमखास असतात. त्यांच्या धंद्याचा मुंबईतला इतिहास संगणकाच्या आधी, कापडगिरण्यांच्या काळात सुरू होतो. आणि तो यंत्रांपुढे जितका घडला, तितकाच सभागृहांत घडला.

१९४७-४८ च्या सुमारास वॉल्टर शूहार्ट हा अमेरिकन शास्त्रज्ञ भारतात आला. मे १९२४ मध्ये त्याने आपल्या वरिष्ठांना एका पानाचं टिपण दिलं होतं आणि त्यात एक आकृती काढली होती. उत्पादनाच्या दर्जावर नजर ठेवणारा ‘कंट्रोल चार्ट’ तिथे जन्मला. शूहार्टला इथे बोलावलं प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेने. तो देशभर फिरला, उद्योगपतींपुढे बोलला, परिषदा घेतल्या. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंगची जपानमधली गाजलेली व्याख्याने १९५० ची, म्हणजे डेमिंग ज्याला गुरू मानत असे तो माणूस आपल्याकडे त्याआधीच येऊन गेला होता. जपानने १९५१ मध्ये डेमिंगच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. आपल्याकडे शूहार्टच्या दौऱ्याची आठवण संख्याशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारशी उरली नाही.

त्याचा तक्ता मात्र गिरण्यांत शिरला. सूतगिरणीत ठरावीक वेळाने १२० यार्डांची लड, म्हणजे ‘ली’, काढून तिचं वजन करतात आणि त्यावरून सुताचा काउंट, म्हणजे बारीकपणा, ठरतो. हे आकडे तक्त्यावर मांडायचे. मधोमध सरासरीची रेघ, वर आणि खाली मर्यादेच्या दोन रेघा. ठिपके या दोन रेघांच्या आत हेलकावे खात असतील तर यंत्राला हात लावायचा नाही. एखादा ठिपका बाहेर पडला, तर मात्र कारण शोधायचं. प्रत्येक वेळी कामगाराला दटावण्याची सवय असलेल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, हे पचायला जड गेलं असेल, यात नवल नाही.

या गिरण्या बाजारात एकमेकींच्या वैरी होत्या, तरी त्यांनी संशोधनासाठी एकत्र पैसे घातले. अहमदाबादची अटिरा १९४७ ची, मुंबईची बीटीआरए १९५४ ची, कोइम्बतूरची सिट्रा १९५६ ची. या संस्थांच्या संयुक्त तांत्रिक परिषदांत गिरण्यांचे तंत्रज्ञ आणि संशोधक एका सभागृहात बसत. धागा कुठे तुटतो, कुठे किती माल वाया जातो, यावर शोधनिबंध वाचले जात. प्रतिस्पर्ध्यांनी आपले आकडे एका टेबलावर ठेवण्याची ही रीत सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधून काढलेली नाही. ती या शहरात आधीपासून होती.

संगणक आला तो कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिथे बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये पूर्ण झाला आणि १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं. वर्षभरातच, १९६५ मध्ये, कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. पहिले अध्यक्ष होते टिफ्रॅकमागचे आर. नरसिंहन. सोसायटीची वार्षिक अधिवेशनं हा संगणकवाल्यांच्या नव्या जमातीचा एकत्र भेटायचा मेळा झाला. सत्तरच्या दशकात तिचं अध्यक्षपद फकीरचंद कोहली यांच्याकडे आलं. टाटांच्या वीज कंपनीतून १९६९ मध्ये ते टीसीएस या टाटांच्याच सॉफ्टवेअर कंपनीत आले होते. वीजपुरवठ्यात दिवा गेला की गिऱ्हाईक लगेच ओरडतं, त्या शिस्तीत वाढलेला हा माणूस. प्रोग्रामरांच्या जगाला अशा माणसाची गरज होती.

बाहेरच्या जगातही तोवर खळबळ सुरू होती. टीसीएस स्थापन झाली त्याच १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने एक परिषद भरवली. मोठी सॉफ्टवेअर वेळेवर होत नाहीत, झाली तरी चालत नाहीत, अशी कबुली तिथे तज्ज्ञांनी एकमेकांपुढे दिली. पुढच्या वर्षी रोममध्ये दुसरी परिषद झाली. टेस्टिंगने चूक आहे एवढं दाखवता येतं, चूक नाही हे सिद्ध करता येत नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राचं म्हणणं याच परिषदांच्या काळातलं. केवळ टेस्टिंगला वाहिलेली पहिली परिषद विल्यम हेट्झेलने जून १९७२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात भरवली.

इकडे मुंबईत सीप्झ सुरू झालं १९७३ मध्ये, इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी. त्याच्या समोरच सरकारची ईआरटीएल ही चाचणी प्रयोगशाळा आहे. तिच्या मातृसंस्थेच्या नावातच ‘टेस्टिंग’ आणि ‘क्वालिटी’ दोन्ही आहेत.

मग आलं प्रमाणपत्रांचं दशक. आयएसओ ९००० ची मानकं १९८७ ची. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या पिट्सबर्गच्या संस्थेने वॉट्स हम्फ्री यांच्या कल्पनेतून सीएमएम ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी बनवली, तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. १९९३ मध्ये बंगळुरूच्या मोटोरोला केंद्राने पाचवी पायरी गाठली. तोवर जगात हा मान मिळालेली दुसरी जागा फक्त ह्यूस्टनला होती, अवकाशयानाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आयबीएमच्या चमूची. त्यानंतर भारतात शर्यतच लागली. शतक संपताना पाचव्या पायरीवरच्या निम्म्याहून अधिक संस्था भारतातल्या होत्या आणि टीसीएसच्या सीप्झ केंद्राचं नाव त्यांत होतं. टीसीएसच्या गार्गी कीनी यांनी २००० साली ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात कंपनीच्या गुणवत्ता पद्धतीची वाटचाल मांडली. मुंबईतलं काम जगाच्या व्यासपीठावर मांडण्याचं ते चांगलं उदाहरण होतं.

सगळंच इतकं चांगलं नव्हतं. या काळातल्या बऱ्याच परिषदा सत्कार समारंभाच्या वळणावर गेल्या. स्लाइडवर पाचवी पायरी, शेजारी प्रमाणपत्राचा फोटो. गिऱ्हाइकाचं नाव गोपनीयतेच्या कराराने झाकलेलं, त्यामुळे प्रत्येक कहाणीतली नायिका ‘युरोपातली एक मोठी बँक’. चुकलं काय, हे कुणी सांगायचं नाही. प्रश्नोत्तरांसाठी ठेवलेली दहा मिनिटं भाषण लांबल्यामुळे तीनवर येतात आणि खरी विचारपूस चहाच्या टेबलाजवळ होते. हे आजही फारसं बदललेलं नाही.

खरी शाळा ठरली ती वायटूकेची, म्हणजे सन २००० च्या तारखांच्या घोळाची. जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे दोनच आकडे साठवलेले. ते दुरुस्त करणं एक वेळ सोपं, पण दुरुस्तीने दुसरं काही मोडलं नाही ना, हे पाहण्यात वेळेचा मोठा वाटा जाई. तारखा ठरलेल्या होत्या: ३१ डिसेंबर १९९९, १ जानेवारी २०००, आणि सगळ्यांत खट्याळ २९ फेब्रुवारी. शंभरने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण चारशेने भाग गेला तर असतं. नियमाचा पहिलाच अर्धा भाग ठाऊक असलेल्या प्रोग्रामरने २००० मधून तो दिवस गाळलेला असू शके. म्हणून घड्याळ पुढे ढकलून २८ फेब्रुवारी, २९ फेब्रुवारी, १ मार्च असे तिन्ही दिवस चालवून पाहायचे. सीमेच्या अलीकडे, सीमेवर आणि पलीकडे तपासायचं, हा पुस्तकातला नियम अशा कामांतून एका पिढीच्या अंगवळणी पडला.

त्या पिढीने पुढे प्रमाणपत्रांवर शंका घ्यायलाही सुरुवात केली. टेस्टरांच्या परीक्षा घेणारं आयएसटीक्यूबी हे मंडळ २००२ मध्ये एडिंबरोला स्थापन झालं आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याचं नाव झळकू लागलं. बंगळुरूमध्ये २००९ साली काही टेस्टर शनिवार-रविवारी इंटरनेटवर जमून एखादं सॉफ्टवेअर मिळून तपासू लागले. ‘वीकेंड टेस्टिंग’ची ही प्रथा देशाबाहेरही पसरली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका टेस्टिंग परिषदेत जेम्स क्रिस्टी यांनी नव्या आयएसओ २९११९ मानकावर टीका केली आणि त्यातून मानक मागे घेण्यासाठी सह्यांची मोहीम उभी राहिली. टेस्टरांच्या संमेलनात इतकं कडाक्याचं भांडण होऊ शकतं, ही माझ्या मते धंद्याच्या प्रकृतीची चांगली खूण आहे. पुण्यात थॉटवर्क्सच्या ‘वोडक्यूए’ मेळाव्यांनी, आणि नंतर ‘द टेस्ट ट्राइब’सारख्या मंडळींनी, टेस्टरांच्या आपापसातल्या बोलण्याला जागा करून दिली.

वसई-विरारला या संमेलनांचं अंतर नेहमीच नडलं. मुंबईतलं हॉटेल गाठायचं तर सुट्टीच्या दिवशी पुन्हा तीच लोकल, आणि पुण्याला जायचं तर पहाटे निघायचं. विद्या मात्र गावात पोचली होती. वसई रोडचं विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ चं. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीला शेवटच्या वर्षी ‘सॉफ्टवेअर क्वालिटी अ‍ॅश्युरन्स’चा पेपर आला आणि मिलिंद लिमये यांचं २००९ सालचं टेस्टिंगवरचं पुस्तक मुलांच्या हातात पडलं. डेमिंग, जुरान, क्रॉसबी या गुणवत्तातज्ज्ञांची नावं आता इथे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात.

२०२० मध्ये टाळेबंदीने सभागृहं बंद केली आणि परिषदा पडद्यावर आल्या. नालासोपाऱ्याच्या वन आरके खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेला टेस्टर आणि लंडनचा वक्ता एकाच खिडकीत दिसू लागले. प्रश्न विचारायला माइकसाठी हात वर करायला नको, इंग्रजी बोलताना अडखळण्याची भीती नको, चॅटमध्ये टाइप केलं की झालं. पुढे हॉटेलं उघडली, परिषदा परतल्या, तिकिटांचे भावही परतले. ऑनलाइन पास मात्र बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला आहे, आणि हल्ली त्या सत्रांत एआयने लिहिलेला कोड तपासायचा कसा, यावर सर्वांत जास्त प्रश्न येतात.