शिफ्ट पाच वेळा का दाबायचं?

गेम खेळताना शिफ्ट भराभर दाबलं आणि मधेच 'स्टिकी कीज'ची चौकट उगवली, हे विंडोजवर बऱ्याच जणांनी अनुभवलंय. आपण वैतागून ती बंद करतो. पण ती मुळात कुणासाठी आहे?

शिफ्ट आणि अक्षराची कळ एकदम दाबायला दोन बोटं लागतात. एकाच बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टाइप करणाऱ्याला ते कसं जमणार? स्टिकी कीज चालू असली की कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतं. अशा सोयींवर अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरने खूप काम केलं. 1971 मध्ये ग्रेग वँडरहायडेन हा विद्यार्थी बोलता न येणाऱ्या एका मुलासाठी उपकरण बनवत होता, त्यातून हे केंद्र उभं राहिलं. या सोयी आधी ॲपलच्या मॅकमध्ये गेल्या, मग विंडोज 95 मध्ये मुळातूनच आल्या.

आता खरी गोम बघा. सोय सेटिंग्जच्या पोटात दडवली, तर जिला ती हवी त्या व्यक्तीलाच तिथवर पोचता येत नाही. म्हणून पाच वेळा शिफ्ट! मेनूत न शिरता, एका बोटाने उघडणारं दार. मला तर मूळ सोयीपेक्षा हे दारच जास्त हुशारीचं वाटतं.

पण ते एकाच सोयीचं दार. शिवाय घरचा कॉम्प्युटर सोडून लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून वँडरहायडेन आणि सहकाऱ्यांनी 'ग्लोबल पब्लिक इन्क्लुझिव्ह इन्फ्रास्ट्रक्चर' मांडलं: गरजा एकदाच नोंदवा, समोरचं यंत्र आपोआप बदलेल. युरोपात 2011 ते 2015 'क्लाउडफॉरऑल' प्रकल्पाने हे करून पाहिलं.

नोंदवायचं काय, हा नाजूक प्रश्न. आजाराचं नाव? 2008 च्या आयएसओ 24751 मानकाची दिशा वेगळी होती: निदान नको, गरज सांगा. 'अक्षर मोठं हवं', 'मजकूर ऐकायचाय', एवढंच. अर्थात अशा यादीवरूनही माणसाच्या तब्येतीचा अंदाज बांधता येतोच, त्यामुळे ती कुणाच्या हाती राहणार याचा घोर मिटत नाही.

याच परंपरेतून पुढे 'मॉर्फिक' आलं. स्क्रीनवर एक पट्टी, तिच्यावर मोजकी बटणं: अक्षर मोठं करा, वाचून दाखवा. बरीचशी विंडोजमध्ये आधीपासून असलेलीच, फक्त आता डोळ्यांसमोर.