पुसलेल्या फायलींचं ओझं

मंडळी, मेमरी संपल्यामुळे झालेल्या फजित्यांना कॉम्प्युटरच्या इतिहासात तोटा नाही. चंद्रावर उतरताना २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ मध्ये वाजलेला १२०२ क्रमांकाचा अलार्म बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्या कॉम्प्युटरची खोडता येण्यासारखी मेमरी अवघी २०४८ शब्दांची! नव्या कामाला जागा उरली नाही की तो बिनमहत्त्वाची कामं टाकून पुन्हा सुरू होई, म्हणून यान सुखरूप उतरलं. पण माझ्या मते खरी शिकवणी आहे ती २००४ सालच्या मंगळावरच्या 'स्पिरिट' गाडीची. गेली पंचवीस वर्षं अशाच छोट्या, यंत्रात बसवलेल्या कॉम्प्युटरवर माझं पोट चाललंय, त्यामुळे ही गोष्ट मी मित्रमंडळींना वीस वेळा तरी ऐकवली असेल. आज तुमची पाळी.

स्पिरिट ४ जानेवारी २००४ ला गुसेव्ह विवरात उतरली. तिच्या कॉम्प्युटरला १२८ एमबी रॅम आणि २५६ एमबी फ्लॅश. रॅम म्हणजे आपला स्वयंपाकाचा ओटा, फ्लॅश म्हणजे फडताळ. वीज गेली की ओटा रिकामा, फडताळातलं मात्र शाबूत. अठराव्या मंगळदिवशी, म्हणजे २१ जानेवारीला, गाडीचं बोलणं तुटलं. आधी संशय गेला ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या अँटेनाजवळच्या वादळी पावसावर. दुसऱ्या दिवशी नुसता 'आहे मी' एवढाच सूर. तिसऱ्या दिवशी सेकंदाला १० बिट अशा मुंगीच्या चालीनं थोडी माहिती आली आणि पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या मंडळींच्या पोटात गोळा आला. कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीसेट होत होता, साठाहून अधिक वेळा! रात्री झोपायचं सोडून जागाच. सांगितलं तरी झोपेना. बॅटरी उतरत चाललेली. संदेश पोचायला दहा मिनिटं, उत्तर यायला दहा मिनिटं. पॉवर बटण दाबायला तिथे आहे कोण?

कारण शोधलं ते असं. फायली ठेवायची पद्धत जुन्या डॉसच्या वळणाची होती. त्यात फाईल पुसली तरी यादीतली तिची ओळ जात नाही, नुसती खूण होते. कोठीघराच्या वहीतलं संपलेल्या डब्याचं नाव खोडावं, पण वही काही पातळ होऊ नये, तसं. प्रवासातल्या सात महिन्यांच्या फायली होत्याच, त्यात मंगळावरच्या रोजच्या नव्या. आणि बूट होताना ही सगळी वही रॅममध्ये, म्हणजे ओट्यावर, पसरायची! फडताळात जागा होती, पण वहीनंच ओटा भरला. मग मेमरी मागणारं काम अडकलं, रीसेट झालं, बूट होताना पुन्हा तीच वही, पुन्हा रीसेट. लक्षात घ्या, 'रीस्टार्ट करून बघ' हा आपला रामबाण उपाय इथे दुखणंच वाढवत होता.

आणखी एक हळहळ लावणारी गोष्ट. जुन्या फायली काढून टाकायचा छोटा प्रोग्रॅम पाठवणं आधीच चालू होतं. दोन भागांपैकी एक पोचला, दुसरा पोचला नाही. तो पुन्हा पाठवायचा होता एकोणिसाव्या दिवशी!

आमच्या धंद्यात हे फार ओळखीचं आहे. टेबलावर डबा दोन दिवस चालवून बघतात, गिऱ्हाइकाकडे तो तिसऱ्या आठवड्यात गळपटतो. रोज थोडीथोडी खाल्ली जाणारी मेमरी दोन दिवसांत दिसतच नाही. म्हणून मी नव्या पोरांना सांगतो, मोकळी रॅम दर तासाला लिहून ठेवा आणि आठवडाभरानं आलेख काढा. रेघ सपाट नसेल तर झोपू नका.

स्पिरिटला वाचवलं ते आधीच करून ठेवलेल्या एका सोयीनं. फ्लॅशला हातच न लावता, रॅममध्येच तात्पुरतं फडताळ करून बूट व्हायची आज्ञा. नावच 'पांगळी सुरुवात' अशा अर्थाचं! २४ जानेवारीला ती पाठवली आणि गाडी भानावर आली. त्याच रात्री, कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे, 'ऑपॉर्च्युनिटी' ही जुळी बहीण मंगळाच्या पलीकडच्या बाजूला उतरली. तेव्हा लॅबोरेटरीत काय जल्लोष झाला असेल! फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्पिरिटची फ्लॅश कोरी केली, सॉफ्टवेअर सुधारलं आणि नव्वद दिवसांसाठी पाठवलेली गाडी २२ मार्च २०१० पर्यंत बोलत राहिली.

त्या पांगळ्या सोयीची गरज पुढेही पडली. ऑपॉर्च्युनिटीची फ्लॅश म्हातारपणी कुरकुरायला लागली, तेव्हा २०१४ च्या अखेरीस तिलाही फ्लॅशशिवायच कामाला लावलं. मग दिवसभरात टिपलेलं सगळं झोपण्याआधी पाठवून द्यायचं, कारण सकाळी ओटा कोरा. त्या अवस्थेतही गाडी चालत राहिली. पुढे २०१८ च्या जूनमधल्या धुळीच्या वादळात तिचा आवाज कायमचा थांबला.