दोष सांगायचा कोणाला? बौद्ध पश्चात्तापविचाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

महूपासून नागपूरपर्यंत कुठल्याही बुद्धविहारात वंदना सुरू झाली, की त्रिशरण आणि पंचशीलानंतर बुद्ध, धम्म आणि संघ यांच्या वंदना होतात. त्या तिन्हींत एक मागणी येते. बुद्धाविषयी, धम्माविषयी, संघाविषयी माझ्या हातून काही दोष घडला असेल, तर त्याची क्षमा व्हावी. रोज म्हणणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द इतके बसलेले असतात, की त्यांत काही अवघड आहे असे कोणाला वाटत नाही. अभ्यासकाने मात्र इथे थांबले पाहिजे. बुद्धांचे महापरिनिर्वाण झाले आहे. धम्म ही शिकवण आहे. पापाची माफी देणारा ईश्वर या विचारात नाही. मग क्षमा मागितली जाते ती कोणाजवळ? या प्रश्नामागे अडीच हजार वर्षांचे वाङ्मय, नियम, विधी आणि वाद उभे आहेत. मराठी वाचकाला त्यांत आत्मविश्वासाने शिरता यावे, यासाठी ही प्रस्तावना इंदुरातून लिहीत आहे.

मराठी वाचक या विषयाकडे रिकाम्या हातांनी येत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्तांचाच आहे, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या विषयाचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. वारकरी संतांचा अनुताप तर घराघरांत आहे. इंदूरकरांना आणखी एक ओळख सहज होते. पर्युषण संपले, की जैन शेजारी दारात येऊन हात जोडतात आणि वर्षभरातल्या कळत-नकळत झालेल्या अपराधांची क्षमा मागतात. या ओळखी उपयोगी आहेत, पण त्यांनी वाटही चुकते. व्रत, दान, तप करून पापाचा भार उतरवण्याची कल्पना किंवा देवाच्या कृपेने पतित पावन होण्याची कल्पना घेऊन पाली ग्रंथांत शिरणाऱ्याला तिथे बरेच काही हरवल्यासारखे वाटेल. जैनांचे दारात येऊन क्षमा मागणे त्या मानाने जवळचे. कारण तिथेही समोर माणूस असतो.

सुरुवात दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तापासून करावी, असे मला वाटते. बापाला, बिंबिसाराला, ठार करून गादीवर बसलेला अजातशत्रू कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आमराईत बुद्धांकडे येतो. भिक्षूंचा एवढा मोठा समुदाय असून कुठे खोकल्याचाही आवाज नाही, म्हणून त्याला दगाफटक्याची शंका येते. पुढे दीर्घ उपदेश होतो आणि शेवटी राजा आपण पितृवध केल्याचे उघड सांगतो. बुद्ध तो कबुलीजबाब स्वीकारतात. दोष दोष म्हणून पाहणे, त्याची रीतसर दुरुस्ती करणे आणि पुढे संयम ठेवणे, ही आर्यांच्या विनयात वाढच आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय. पण राजा निघून गेल्यावर ते भिक्षूंना सांगतात, की हा माणूस स्वतःच स्वतःचा घात करून बसला आहे. बापाला मारले नसते, तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभला असता. स्वीकार होतो, पण केलेले कर्म पुसले जात नाही. या क्षेत्रातले बहुतेक वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहेत.

याच सुत्तातली आणखी एक जागा सहज नजरेतून निसटते. ध्यानाच्या वाटेवरील पाच अडथळे सांगताना बुद्ध प्रत्येकाला एकेक उपमा देतात. कामेच्छा कर्जासारखी, द्वेष आजारासारखा, आळस तुरुंगासारखा, संशय ओसाड रस्त्यासारखा. आणि मनाची चलबिचल व केल्या गोष्टीची टोचणी, म्हणजे उद्धच्च-कुक्कुच्च, गुलामीसारखे. हे ऐकणारा माणूस त्या टोचणीने पोखरलेला आहे, हे ध्यानात घेऊन ही उपमा वाचावी. कुढत राहणे हे बौद्ध विचारात पुण्य नाही, तो अडथळा आहे. संयुत्तनिकायात शंख फुंकणाऱ्याच्या नावाचे एक सुत्त आहे. तिथे बुद्ध स्पष्ट सांगतात, की हळहळ करून केलेले पाप न केलेले होत नाही. म्हणून ते सोडावे, पुढे करू नये, आणि मैत्रीची भावना इतकी वाढवावी की तिच्यापुढे मर्यादित कर्म टिकू नये. अंगुत्तरनिकायात शीलाचा उपयोग काय, या प्रश्नाला पश्चात्तापाची वेळ न येणे हे उत्तर दिले आहे, आणि त्यातून प्रमोद, प्रीती, शांती, सुख, समाधी अशी पुढची वाट सांगितली आहे. म्हणजे या परंपरेचे लक्ष्य डोळ्यांत पाणी आणण्याचे नाही. निश्चिंत मनाने पुढे जाता यावे, हे आहे.

मग निश्चिंत कसे व्हायचे? सांगून. विनयपिटकाचा सगळा भर सांगण्यावर आहे. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी संघ एकत्र येतो आणि प्रातिमोक्षाचे नियम म्हटले जातात. थेरवादी परंपरेत भिक्षूंसाठी ते २२७ आहेत, भिक्षुणींसाठी ३११. प्रत्येक वर्गाच्या शेवटी, तुम्ही यांत शुद्ध आहात ना, असे तीनदा विचारले जाते आणि मौन म्हणजे शुद्धी मानली जाते. लहान दोष एका सहकारी भिक्षूजवळ बोलून मोकळे होता येते. ऐकणारा विचारतो, दोष दिसतो का. सांगणारा म्हणतो, दिसतो. आणि पुढे जपून राहण्यास सांगून ते प्रकरण संपते. इथे अभ्यासकाला एक अडचण भेटेल. एका ठिकाणी नियमपाठ चालू असतानाच दोष उघड करावा असे सुचवले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी दोषी भिक्षूने प्रातिमोक्ष ऐकूच नये अशी आज्ञा आहे. आधी सभेतच कबुली होत असे आणि पुढे तो केवळ पाठ उरला, असे काही विद्वानांना वाटते. या प्रश्नावर अजून पुष्कळ काम होण्यासारखे आहे.

गंभीर दोषांची वाट लांबची. संघादिसेस वर्गातला दोष जितके दिवस लपवला, तितके दिवस परिवास भोगायचा. त्या काळात शेवटच्या जागी बसायचे, आणि नव्याने आलेल्या भिक्षूला आपला दोष आपणहून सांगायचा. मग सहा रात्रींचे मानत्त, आणि नंतर अब्भान, म्हणजे संघात परत घेणे.

इंदूरच्या वाचकाला इथे आपला प्रदेश भेटेल. प्राचीन अवंतीत उज्जयिनीचा महाकच्चायन थेर राहत होता. त्याचा शिष्य सोण कुटिकण्ण याला उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, हवी होती, पण तिला दहा भिक्षू लागत आणि अवंतीत भिक्षू थोडे. तेवढे जमायला तीन वर्षे गेली. पुढे सोण बुद्धांच्या भेटीला गेला, तेव्हा महाकच्चायनाने त्याच्याबरोबर विनंती पाठवली, आणि सीमावर्ती प्रदेशांत एका विनयधरासह पाच भिक्षूंनी उपसंपदा द्यावी, अशी सवलत मिळाली. मालव्याच्या कठीण जमिनीसाठी जाड तळव्यांच्या वहाणाही तेव्हाच मंजूर झाल्या. हे विनयपिटकातल्या महावग्गात अनेकांनी वाचलेले असते. पण त्याच ग्रंथात पुढे कोणत्या कामाला किती भिक्षू लागतात हे सांगितले आहे, ते याच्या शेजारी ठेवून वाचावे. सीमेवर उपसंपदेला पाच पुरतात. अब्भानाला मात्र तिथेही वीसच लागतात. संघात येण्याचे दार अवंतीसाठी रुंद केले, दोष करून परत येण्याचे दार तेवढेच ठेवले. माझ्या मते विनयाची न्यायबुद्धी इथे सर्वांत स्वच्छ दिसते. परत येणे हे मोठ्या समुदायाच्या डोळ्यांदेखत, त्याच्या संमतीने व्हावे. ते एकट्याच्या मनात उरकता येत नाही.

अंगुलिमालाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. भिक्षू झाल्यावर तो भिक्षेला जातो, तेव्हा त्याच्यावर दगड-ढेकळे पडतात, पात्र फुटते, चीवर फाटते. बुद्ध त्याला वाचवायला धावत नाहीत. सहन कर, असे सांगतात. आणि विनयात नोंद आहे, की लोकांच्या तक्रारीनंतर कुख्यात दरोडेखोराला प्रव्रज्या देण्यास बंदी झाली. एका माणसाच्या नूतन जन्मामुळे गावाची भीती खोटी ठरत नाही, हे मान्य करणारी ही परंपरा आहे.

अशोकाचा तेरावा शिलालेख या क्षेत्रातला सर्वांत मोठा सार्वजनिक दस्तऐवज. राज्याभिषेकाच्या आठव्या वर्षी कलिंग जिंकले, दीड लाख माणसे हलवली गेली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी अधिक मेली, आणि राजाला त्याचे दुःख झाले, असे राजाच सांगतो. हा लेख गिरनारला आहे, कालसीला आहे, वायव्येला शाहबाजगढीला आहे. धौली आणि जौगड इथे, म्हणजे खुद्द कलिंगात, तो कोरलेला नाही. तिथे त्याच्या जागी दोन वेगळे लेख आहेत. राजकीय शहाणपण म्हणून हे समजते. पण विनयाच्या कसोटीवर पश्चात्ताप ज्यांच्याजवळ बोलायचा, त्यांच्यापुढेच तो बोलला गेला नाही. त्याचे लघुशिलालेख मला अधिक प्रामाणिक वाटतात. आपण उपासक झालो तरी वर्षभर फारसा प्रयत्न केला नाही, असे त्यांत तो मान्य करतो. या लेखाची एक प्रत सीहोर जिल्ह्यातल्या पानगुराडियाला आहे, आणि राजकुमार असताना अशोक तिथे येऊन गेल्याचा उल्लेखही त्या ठिकाणी कोरलेला आहे. मालव्यातल्या अभ्यासकाने ही जागा एकदा तरी पाहावी.

महायानात सांगण्याची जागा पालटते. सुवर्णप्रभाससूत्रात आणि शांतिदेवाच्या बोधिचर्यावताराच्या दुसऱ्या परिच्छेदात साधक दहा दिशांच्या बुद्धांपुढे पापदेशना करतो. शांतिदेवाच्याच शिक्षासमुच्चयात निंदा, प्रतिकार, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि आश्रय ही चार बळे सांगितली आहेत. चीनमध्ये पश्चात्तापाचे मोठे सामूहिक विधी झाले. जपानमध्ये युद्धातल्या पराभवानंतर तानाबे हाजिमे याने १९४६ साली पश्चात्तापालाच तत्त्वज्ञानाचा पाया मानणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे सारे वाचण्यासारखे आहे, पण नवख्याने विनय पचवल्यावर.

आता महू. इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांत नव्या जन्माचा स्वीकार आहे. पण ही माणसे पापाची कबुली द्यायला जमली नव्हती. पाप त्यांच्यावर झाले होते. पश्चात्तापाशिवाय नूतनीकरण, असा हा आपल्या क्षेत्रातला अपूर्व प्रसंग आहे, आणि तो बाजूला ठेवून मराठीत या विषयावर लिहिणे मला अशक्य वाटते. दुसऱ्या बाजूचा पश्चात्ताप कुठे होता? १९३२ साली हरिजन सेवक संघ निघाला. त्याच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, या प्रश्नावर हे काम सवर्ण हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, म्हणून ते त्यांनीच चालवावे, अशी गांधीजींची भूमिका होती. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात तिच्यावर कठोर टीका केली. विनय शेजारी ठेवला, की त्या टीकेचे वजन कळते. परिवासात असलेला भिक्षू शेवटच्या जागी बसतो. सभेचे सूत्र त्याच्या हाती नसते. ज्याचा दोष, त्यानेच प्रायश्चित्ताची संस्था चालवायची आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बाहेर ठेवायचे, ही रीत बौद्ध नव्हे. १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अंगुलिमाल आहे आणि नीच मानल्या गेलेल्यांची धम्मदीक्षाही आहे. पण ही प्रकरणे स्वतंत्र ठेवलेली आहेत. पतिताचे परिवर्तन आणि पीडिताचे परिवर्तन एकाच मापाने मोजायचे नाही, असा त्या मांडणीचा अर्थ मी लावतो.

साधनांची चिंता मराठी वाचकाने करू नये. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात पुण्याहून निघून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर या वाटेने काशीला गेले, आणि १९०२ साली सिंहलद्वीपात श्रामणेर झाले. त्यांच्या ‘बौद्धसंघाचा परिचय’ या ग्रंथात विनयाचे नियम मराठीत सोपे करून ठेवलेले आहेत. भिक्षू जगदीश काश्यप यांनी संपादलेले नालंदा संस्करण आणि इगतपुरीचे संस्करण यांमुळे संपूर्ण तिपिटक देवनागरीत आहे. राहुल सांकृत्यायन यांचा विनयपिटकाचा हिंदी अनुवाद मालव्यातल्या वाचकाला अडचणीचा नाही. आधी सामञ्ञफल, मग मज्झिमनिकायातले राहुलाला केलेले आंबलट्ठिकेचे उपदेशसुत्त आणि अंगुलिमालसुत्त, आणि त्यानंतर महावग्ग व चुल्लवग्ग, असा क्रम ठेवावा.

आषाढी पौर्णिमेपासून विहारांत वर्षावास सुरू होतो आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ याचे वाचन चालते. आश्विन पौर्णिमेला तो संपतो. विनयात त्या वेळी प्रवारणा सांगितली आहे. माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्षू संघाला करतो. विहारात येणाऱ्या उपासक-उपासिका वंदनेतल्या त्या क्षमेच्या शब्दांचा अर्थ काय लावतात, आणि ती क्षमा त्या कोणाजवळ मागतात, हे त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक तरुण अभ्यासकाला माझी ही विनंती आहे.